कोकोचे झाड आणि झाडाखालचा पातेरा

मागच्या वेळी आपण 'काळजी' या कल्पनेवर बोललो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी लिहून विचारलं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण एक उदाहरण द्या. आणि माणसांचं देऊ नका. आई आणि मूल म्हटलं की पुढचा विचारच थांबतो." मला ते पटलं. आई-मुलाचं उदाहरण आलं की आपण सगळे मान डोलावतो आणि मग कोणी प्रश्न विचारत नाही.

म्हणून आज झाडाचं उदाहरण घेतो. तेही एकाच झाडाचं, कोकोचं. आमच्या गावच्या वाडीत, राजापूर तालुक्यात, पोफळींच्या मध्ये मी निवृत्तीनंतर चाळीस रोपं लावली. त्यांच्यामुळे माझी आणि माझ्या धाकट्या भावाची जवळजवळ भांडणाची वेळ आली होती. ती हकिगत ओघात येईलच. आधी झाड नीट समजून घेऊ, कारण झाड कळल्याशिवाय चूक कुठे झाली ते कळणार नाही.

कोको हे मूळचं अ‍ॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातलं. आजच्या इक्वेडोरमध्ये, अँडीजच्या पूर्व उतारावर, सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या भांड्यांमध्ये कोकोचे अंश सापडले आहेत. 2018 साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. पुढे मध्य अमेरिकेत माया आणि अ‍ॅझटेक लोकांनी त्याचं पेय केलं, त्याच्या बिया नाण्यासारख्या वापरल्या. लिनियसने 1753 मध्ये त्याला 'थिओब्रोमा' म्हणजे 'देवांचं खाद्य' असं नाव दिलं. भारतात ते ईस्ट इंडिया कंपनीने 1798 मध्ये आणलं, तमिळनाडूतल्या कुर्तालमला. पण पीक म्हणून ते रुजलं 1965 नंतर, कॅडबरी कंपनीने वायनाडमध्ये लागवड सुरू केली तेव्हा. आज केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत ते नारळी-पोफळीत आंतरपीक म्हणून आहे. कोकणात आणि गोव्यात थोडं थोडं. इतिहास एवढा पुरे.

आपल्याला महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. हे झाड मोठ्या जंगलाच्या पोटातलं आहे. त्याच्या डोक्यावर उंच झाडं, अंगाला दमट हवा आणि पायाशी कुजणारा पाला. त्याची सगळी घडण या तीन गोष्टी गृहीत धरून झालेली आहे. आपण ते दुसरीकडे नेऊन लावतो तेव्हा झाड नेतो, पण त्याने गृहीत धरलेलं जग मागेच राहतं. ते जग आपल्याला पुरवावं लागतं. आणि त्यातलं काय पुरवायचं राहिलं, हे झाड बोलून दाखवत नाही.

पोफळीच्या बागेत यातली पहिली गोष्ट आयती मिळते. आपल्याकडे पोफळी साधारण 2.7 मीटरवर असतात. चार पोफळींच्या मधोमध एक कोको, आणि पुढची ओळ मोकळी सोडायची, म्हणजे 2.7 बाय 5.4 मीटर. खड्डा दोन फुटांचा, त्यात शेणखत आणि वरची माती. आमच्याकडे जांभ्याची जमीन आहे, पाणी साचत नाही, ते बरं. साचलं तर कोको टिकत नाही. मी कलमं न आणता बियांपासून केलेली रोपं आणली. बी ताजंच लावावं लागतं. धान्यासारखं वाळवून, डब्यात भरून पुढच्या वर्षी पेरू म्हटलं तर उगवणार नाही. फळातून काढलेलं बी काही दिवसांतच मरतं. आणि रोपं एकाच झाडाच्या बियांची नकोत. कारण पुष्कळशी कोकोची झाडं स्वतःचा पराग स्वतः स्वीकारत नाहीत. शेजारी दुसऱ्या कुळातलं झाड लागतं. (हशा) हो, सगोत्र चालत नाही.

बियांपासून आलेलं रोप सरळसोट वर जातं. एक-दीड मीटर झालं की मुख्य खोडाची वाढ एकदम थांबते, आणि एकाच पातळीवरून तीन ते पाच फांद्या छत्रीच्या काड्यांसारख्या आडव्या फुटतात. याला जॉर्केट म्हणतात. मग थोड्या दिवसांनी त्या छत्रीच्या खालून खोडावर उभे पाणफुटवे येतात. ते वाढू दिले तर झाड पहिल्या मजल्यावर दुसरा मजला चढवतं, त्यावर तिसरा. जंगलात ते ठीक. वाडीत आपल्याला हाताच्या उंचीवर फळं हवी असतात, म्हणून पाणफुटवे कोवळे असतानाच हाताने खुडायचे. हे काम मी आवडीने करत असे. सकाळी चहा झाला की सेकेटर घेऊन बागेत. पाणी, खत, छाटणी सगळं वेळेवर चाललं होतं. तिसऱ्या वर्षी खोडांवर फुलं आली.

खोडांवर म्हणालो, फांद्यांच्या टोकांवर नाही. फणसासारखं. कोकोचं फूल थेट जून लाकडावर येतं, खोडावर आणि जाड फांद्यांवर. जिथे पूर्वी पानाचा देठ होता तिथे एक बारीक उंचवटा राहतो, त्याला फुलांची गादी म्हणतात. त्याच गादीतून वर्षानुवर्षं फुलं येतात. म्हणून फळ पिरगाळून ओढायचं नसतं, देठ सुरीने कापायचा. ओढलं की गादी फाटते आणि त्या जागी पुन्हा फूल नाही. कोयत्याने खोडावरचं शेवाळ खरवडणारेही हेच नुकसान करतात.

फूल अगदी लहान, जेमतेम दीड सेंटिमीटरचं, पांढरट गुलाबी. एका झाडाला वर्षात हजारो येतात. आमच्या चाळीस झाडांची खोडं त्या वर्षी चांदण्या चिकटवल्यासारखी दिसत होती. मी फोटो काढून मित्रांना पाठवले. आणि फळ एकही लागलं नाही. फुलं एक-दोन दिवस राहायची, मग गळून जायची.

पुढच्या वर्षी तसंच. त्याच्या पुढच्या वर्षी तसंच.

आता भावाची बाजू सांगतो, कारण ती खरी होती. वाडी तो बघतो, मी निवृत्तीनंतर जाऊन-येऊन. एप्रिल-मे महिन्यात कोकोला रोजचं वीसेक लिटर पाणी लागतं. चाळीस झाडं म्हणजे आठशे लिटर. मे महिन्यात आमची विहीर खाली जाते आणि पोफळीचं शिंपण एक दिवसाआड करावं लागतं. तो मला म्हणाला, "दादा, तुझ्या चांदण्यांना पाणी घालताना माझ्या पोफळी सुकतायत. हे तोडू आणि जायफळ लावू." मी म्हटलं, एक वर्ष थांब. तो थांबला, पण जेवताना बोलेना.

त्या वर्षात मी जे केलं ते आता सांगायला थोडी लाज वाटते. मी काळजी वाढवली. फळ येत नाही म्हणजे काहीतरी कमी पडतंय, असं समजून जास्त खत, जास्त शेण. छाटणी आणखी नेटकी. आणि झाडाखालची जागा आणखी स्वच्छ. मला एका जाणकारांनी सांगितलं होतं की आळं स्वच्छ ठेवा, पाला साठला की रोग येतो. शिवाय पोफळीच्या बागेत झाडलोट करण्याची आपल्याकडे रीतच आहे. पिकलेली सुपारी खाली पडते, ती वेचायला जमीन दिसायला हवी, आणि पातेऱ्यात जनावर असलं तर कळत नाही. तेव्हा खराट्याने सगळा पातेरा ओढून वाडीच्या टोकाला, कुंपणापाशी ढीग करायचा. बाग अंगणासारखी लख्ख. येणारे-जाणारे म्हणायचे, काय निगा राखलीय!

उत्तर मी शोधलं नाही. सुपारी वेचायला येणाऱ्या एक बाई आहेत, माझ्याहून वयाने मोठ्या. त्या एक दिवस म्हणाल्या, "सर, लागत नाही म्हणता, मग त्या टोकाच्या झाडाला काय लागलंय?" मी गेलो बघायला. पातेऱ्याच्या ढिगाला लागून जे शेवटचं झाड होतं, त्याला चौदा फळं. बाकी एकोणचाळीस झाडांना शून्य. त्या झाडाकडे मी फारसा जात नसे, कारण तिथे ढीग होता, चिलटं होती, अंगावर यायची.

आता इथे थांबूया. तुम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी आहात असं मी धरून चालतो. चौदा आणि शून्य ही नुसती माहिती आहे. तिचा अर्थ काय? माझ्या मनात पहिला अर्थ आला तो असा की ढिगाचं कुजून खत झालं, ते त्या झाडाला मिळालं, म्हणजे माझंच म्हणणं खरं, खत कमी पडतंय! माणूस स्वतःच्या चुकीतून पुरावा कसा काढतो याचं हे चांगलं उदाहरण आहे. दुसरा अर्थ चिलटांचा. तो मला सुचला नाही, वाचावा लागला.

कोकोच्या फुलाची रचना बघा. पाच पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीच्या तळाशी एक लहानशी पिशवी. पराग त्या पिशवीत झाकलेले. मधोमध स्त्रीकेसर, आणि त्याच्याभोवती पाच उभे वांझ केसर, कुंपणासारखे. म्हणजे पराग पिशवीत आणि ते पोचायचं ठिकाण कुंपणाच्या आत. वाऱ्याने हे काम होत नाही, पराग चिकट असतो. मधमाशी त्या पिशवीत मावत नाही. मावतं ते फक्त दोन-तीन मिलिमीटरचं चिलट, फोर्सिपोमायिया जातीचं. हे चिलट अंडी कुठे घालतं? ओल्या, कुजणाऱ्या पाल्यात, सडक्या फळांच्या सालांत, केळीच्या कुजलेल्या खुंटात. त्याच्या अळ्या तिथेच वाढतात. अ‍ॅलन यंग नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने कोस्टारिकातल्या कोकोच्या बागांमध्ये झाडांखाली केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून हे तपासलं. आणि चिलटं असूनही शंभरातल्या एक ते पाच फुलांनाच फळ धरतं. चिलटं नसली तर काय होणार?

म्हणजे मी रोज सकाळी खराट्याने पाळणाघर झाडून टाकत होतो.

पण हे पुस्तकातलं झालं. माझ्या वाडीत कारण तेच आहे कशावरून? म्हणून मी एक साधी गोष्ट केली. झाडलेल्या भागातली तीन झाडं निवडली. सकाळी एका झाडावरचं ताजं फूल खुडायचं, चिमट्याने पाकळ्या आणि कुंपण बाजूला करून त्याचे परागकोश दुसऱ्या झाडावरच्या फुलाच्या मधल्या टोकावर हलकेच घासायचे, आणि त्या फुलाजवळ रंगीत दोरा बांधायचा. चष्मा, त्यावर भिंग. रोज आठ-दहा फुलं, आठवडाभर. साठ फुलांतली एकोणीस तिसऱ्या दिवसानंतरही टिकली. खत तेच, पाणी तेच, माती तीच. फक्त पराग माझ्या हाताने पोचला होता. तेव्हा खताचा अर्थ बाद झाला. झाडं उपाशी नव्हती. त्यांच्याकडे येणारं कोणी उरलं नव्हतं.

त्या पावसाळ्याच्या तोंडाशी ढिगातला पातेरा उचलून परत झाडांखाली पसरला. केळीचे खुंट फूटभर कापून दोन-दोन तुकडे प्रत्येक आळ्यात. भावाने डोक्याला हात लावला. सुपारी वेचायची कशी, हा त्याचा प्रश्न रास्त होता. शेवटी तोड अशी निघाली की कोकोभोवती पाच फुटांचं गोल आळं पातेऱ्याचं आणि मधल्या मोकळ्या ओळी झाडलेल्या. पुढच्या वर्षी एकतीस झाडांना फळं होती. हा काही काटेकोर प्रयोग नव्हे, मला मान्य आहे; त्या वर्षी पाऊसही वेगळा होता. पण भाऊ जेवताना बोलायला लागला.

आता शब्दांकडे वळतो, कारण शेवटी माझा धंदा तो आहे. मराठीत आपण 'काळजी घेणे' म्हणतो आणि 'निगा राखणे' म्हणतो. काळजी ही माझ्या आत असते. मला काळजी वाटते, मी काळजी करतो. झाड समोर नसलं तरी काळजी चालू राहते, उलट वाढतेच. निगा हा शब्द फारसी 'निगाह'वरून आला. निगाह म्हणजे नजर. निगा राखणं म्हणजे मुळात नजर ठेवणं. माझी काळजी भरपूर होती, नजर नव्हती. लोक ज्याला निगा म्हणून वाखाणत होते ती माझ्या मनातल्या नीटनेटक्या बागेची निगा होती, कोकोची नव्हती. मिल्टन मेयरॉफ या अमेरिकन तत्त्वज्ञाचं 1971 चं 'ऑन केअरिंग' नावाचं छोटं पुस्तक आहे. त्यात काळजीच्या घटकांमध्ये त्यांनी आलटून-पालटून चालणारी लय हा एक घटक सांगितलाय. म्हणजे कधी करायचं, कधी थांबून आपण केलेल्याचं काय झालं ते बघायचं, आणि त्यावरून पुढचं ठरवायचं. मी नुसतं करत होतो.

इथे एक सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो. निसर्गावर सोडा, ढवळाढवळ करू नका, सगळं आपोआप होतं. हल्ली हे ऐकायला फार गोड वाटतं. मलाही वाटलं. त्याची किंमत मी दुसऱ्याच वर्षी मोजली.

जुलै महिन्यात, सलग आठ-दहा दिवस पाऊस, ऊन नाही. फळांवर तपकिरी ठिपके दिसायला लागले. मी म्हटलं, असू दे, झाड बघून घेईल. आठवडा-दोन आठवड्यांत ठिपका अख्ख्या फळावर पसरतो, फळ काळं पडतं, वर पांढुरकी बुरशी येते. ही फायटोफ्थोरा. काळ्या फळांचा रोग. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर एका फळावरून दुसऱ्यावर जाते. झाडावर लटकत राहिलेलं एक सडकं फळ खालच्या सगळ्यांना लागण करतं. त्या मोसमात निम्मी फळं गेली.

तेव्हा इथे हात आवरून बसणं ही निगा नव्हे. पावसाळ्यात दर चार-पाच दिवसांनी फेरी मारायची, डाग पडलेलं फळ लगेच कापायचं आणि बागेबाहेर खड्ड्यात पुरायचं. पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारायचं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, आणि भांडं लोखंडाचं नको. आणि मे अखेर आतल्या बाजूच्या दाट फांद्या विरळ करायच्या, म्हणजे हवा खेळते. ज्या जाणकारांनी मला आळं स्वच्छ ठेवायला सांगितलं होतं, त्यांच्या डोक्यात हाच रोग असणार. ते चुकीचं नव्हते सांगत. पाला आणि रोगट फळ हे दोन्ही जमिनीवरच असतात, खराट्याला त्यांत फरक कळत नाही. तो फरक डोळ्याने करावा लागतो. वाळकी पानं, निरोगी फळाची फोडलेली टरफलं, केळीचे तुकडे राहू द्यायचे. काळं पडलेलं फळ उचलायचं.

आणखी एक फळ काळं पडतं, ते मात्र रोगाने नाही. बोटाएवढी कोवळी फळं पिवळी होऊन, मग काळी पडून झाडावरच वाळतात. पहिल्यांदा बघितलं की काळीज हलतं. पण झाडाने पोसता येतील तेवढीच फळं ठेवलेली असतात, बाकीची स्वतःच सोडून दिलेली. तिथे औषध मारून उपयोग नाही. म्हणजे एकाच झाडावर दोन काळी फळं, एकाला हात लावायचा, दुसऱ्याला नाही. मला विचाराल तर आजच्या सगळ्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे. कोणत्या काळ्या फळाकडे आपण बघतोय हे ओळखता येईपर्यंत 'हस्तक्षेप करावा की करू नये' हा प्रश्नच अर्धवट आहे.

सावलीचंही असंच. घानामध्ये ताफो इथे कोकोचं संशोधन केंद्र आहे. तिथे 1950 च्या दशकात एक मोठा प्रयोग सुरू झाला. काही ठिकाणी सावलीची झाडं काढली आणि भरपूर खत दिलं. उत्पन्न सावलीतल्या झाडांच्या कितीतरी पट वाढलं. मग सावली हवी कशाला? पण वर्षं गेली तशी उघड्यावरची झाडं खंगत गेली आणि त्यांचं उत्पन्न घसरलं. आता प्रश्न बघा. पंधरा वर्षांचा हिशोब केला तर सावली तोडणारा शहाणा, चाळीस वर्षांचा केला तर वेगळं. झाडासाठी चांगलं काय, हे कोणत्या मुदतीत मोजायचं ते झाड ठरवत नाही, आपण ठरवतो. कर्ज घेतलेला शेतकरी पंधरा वर्षांचा हिशोब करणार, त्याला मी इथे बसून दोष देणार नाही. आमच्याकडे डोक्यावर पोफळी आहेतच, त्यामुळे हा प्रश्न मला सुटलेला मिळाला.

फळ धरल्यापासून पिकायला पाच-सहा महिने लागतात. हिरवं फळ पिवळं होतं, तांबडं नारिंगी होतं. हलवलं की आत बिया खुळखुळतात. आणि नेमकी तेव्हाच खारी येतात. देठाजवळ गोल भोक पाडतात, गर खातात, कडू बिया खाली टाकतात. मी पहिल्यांदा चिडलो होतो. नंतर लक्षात आलं की फळ स्वतःहून गळत नाही, फुटत नाही, बिया आतच कुजतात. माकडाने, खारीने फोडलं तरच बी बाहेर पडतं. तो गोड-आंबट गर खारीचा मेहनताना आहे. आपण मधल्या मध्ये येऊन खारीला चोर म्हणतो. तरी फळावर जाळी बांधतोच, तेही सांगून टाकतो.

फळ फोडताना सुरी नको, बिया कापल्या जातात. लाकडी दांड्याचा ठोका द्यायचा. आत वीस ते पन्नास बिया, पांढऱ्या गरात गुंडाळलेल्या, सीताफळासारख्या. चव लिचीच्या जवळची. चॉकलेटचा मागमूस नाही. बी चावलं तर कडू आणि तुरट. चॉकलेट होतं ते पुढे, आंबवताना. बिया गरासकट टोपलीत केळीच्या पानांत झाकून पाच-सहा दिवस ठेवायच्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी उलट्यापालट्या करायच्या. आधी यीस्ट गरातल्या साखरेचं मद्य करतं, मग जिवाणू त्याचं व्हिनेगर करतात, आणि ढीग आतून पंचेचाळीस-पन्नास अंशांपर्यंत तापतो. त्या उष्णतेने आणि आम्लाने बीमधला अंकुर मरतो. पेशी फुटतात, बीमधलीच द्रव्यं एकमेकांत मिसळतात, आणि चवीचा पाया तयार होतो. मग उन्हात सहा-सात टक्के ओलावा राहीपर्यंत वाळवायचं आणि भाजायचं. दहा फळांच्या बियांचा ढीग तापतच नाही, ही माझी पहिली दोन वर्षं वाया गेलेली शिकवण. आता शेजारच्या दोन वाड्यांतली फळं एकत्र करतो.

अ‍ॅरिस्टॉटल वाचलेल्यांच्या मनात इथे प्रश्न यायला हवा. बीचं साध्य झाड होणं. चॉकलेटसाठी ते साध्य मारावं लागतं. मग मी इतकी वर्षं ज्याची निगा राखली ते नेमकं कोणाचं भलं? झाडाचं की माझं? मेयरॉफ म्हणतील, काळजी म्हणजे दुसऱ्याला वाढायला मदत करणं. झाडाच्या बाबतीत ते म्हणता येईल. बीच्या बाबतीत म्हणता येत नाही. मी दरवर्षी एका फळाच्या बिया बाजूला काढून लगेच पिशव्यांत लावतो. त्याने प्रश्न सुटतो असं नाही.

आता दोन प्रश्न आलेत, ते घेतो.

"कोकोला सध्या भाव आहे असं ऐकलं. लावावा का?" 2024 मध्ये जागतिक बाजारात भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला होता, कारण जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घानातून येतो आणि तिथलं पीक कमी आलं. नंतर भाव उतरला. आज लावलेलं झाड तीन-चार वर्षांनी फळणार, तेव्हाचा भाव तेव्हाचा. 1980 च्या सुमारास केरळात भाव कोसळले तेव्हा लोकांनी वाढलेली झाडं तोडून टाकली होती. त्यानंतर कॅम्पको ही सुपारी उत्पादकांची सहकारी संस्था खरेदीत उतरली आणि 1986 मध्ये पुत्तूरला तिचा चॉकलेटचा कारखाना सुरू झाला. म्हणून लावण्याआधी ओल्या बिया कोण घेणार ते विचारा. आमच्या गावात घेणारं कोणी नव्हतं, म्हणून तर टोपल्या आल्या. आणि लावायचाच तर नारळी-पोफळी असेल, उन्हाळ्यात पाणी असेल तिथेच. कोकोसाठी नवी मोकळी जमीन करू नका.

दुसरा प्रश्न पुण्याहून आहे. "गच्चीवर कुंडीत होईल का?" रोप होईल. पण पुण्यात हिवाळ्यात पारा दहाच्या खाली जातो आणि कोकोला पंधराच्या खाली सोसत नाही. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पानांच्या कडा करपतात. मोठ्या कुंडीत, दुपारचं ऊन न लागणाऱ्या कोपऱ्यात ठेवा, शेजारी बाकीच्या कुंड्या दाटीने लावा म्हणजे हवा थोडी दमट राहील, थंडीत घरात घ्या. फळाची आशा धरायची तर दोन झाडं लागतील, आणि कुंडीत पातेरा आणि केळीची सालं कुजत ठेवावी लागतील. घरात चिलटं होतील. त्याबद्दल घरच्यांना आधी विचारून घ्या.